पीआयडी फाईल डोळे झाकून उडवू नका

रात्री धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, डेटाबेस आपोआप बंद पडला. मी फक्त पीआयडी फाईल डिलीट केली होती." पीआयडी फाईल म्हणजे चालू प्रोग्रॅम (प्रोसेस) आपला नंबर लिहून ठेवतो ती छोटी फाईल. हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर त्याने ग्रुपवर फिरणारा एक मेसेजच पाठवला. त्यात लिहिलेलं: सर्व्हिस 'आधीच चालू आहे' म्हणून अडली तर पीआयडी फाईल उडवा, स्टार्ट स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत आरएम -एफ (न विचारता फाईल उडवणारी कमांड) टाकून ठेवा. बंद करायची तर फाईलमधला नंबर घेऊन किल -९ (प्रोसेस जबरदस्तीने मारणारी कमांड) मारा. परमिशन नडली तर ७७७ (कुणालाही वाचायची, लिहायची, चालवायची मुभा) द्या. आणि सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) असेल तर या फाईलींची गरजच नाही. वाचून डोकंच फिरलं.

पहिला सल्ला सगळ्यात घातक. चालू डेमन, म्हणजे पाठीमागे सतत चालणारा प्रोग्रॅम, स्वतःचा प्रोसेस नंबर त्या फाईलमध्ये लिहून ठेवतो, एवढंच. फाईल गेली म्हणून प्रोसेस मरत नाही. भावाचं पोस्टग्रेस (त्याचा डेटाबेस) अडत होतं, कारण ते खरोखरच चालू होतं. त्याने डेटा डिरेक्टरीतली पोस्टमास्टर डॉट पीआयडी उडवली आणि पुन्हा स्टार्ट दिला. पोर्ट (ज्या नंबरवर डेटाबेस जोडणी घेतो तो) आधीच व्यापलेला, त्यामुळे नवं उठलंच नाही आणि मिनिटभरात जुनंही बसलं. पोस्टग्रेस दर मिनिटाला बघतं की ती फाईल जागेवर आहे का आणि तिच्यात आपलाच नंबर आहे का. नसेल तर तडक बंद होतं. २०१५ मध्ये ही तपासणी मुद्दाम घातली गेली. एकाच डेटावर दोन पोस्टमास्टर (पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस) लिहायला लागले की डेटाची वाट लागते, तो धोकाही तिने कमी होतो. टेस्टिंगचं मशीन होतं म्हणून निभावलं.

बरेच डेमन या फाईलवर लॉकही घेतात, म्हणजे तोवर दुसऱ्याला तो घेता येत नाही. प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल (सिस्टिमचा गाभा) तो लॉक सोडवतो, म्हणून उरलेली फाईल कुणाच्या आड येत नाही. पण लॉक फाईलच्या नावावर नसतो, आयनोडवर (नावामागच्या खऱ्या फाईलच्या नोंदीवर) असतो. चालू डेमनची फाईल उडवली की दुसरा त्याच नावाची नवी फाईल बनवतो, तिच्यावर आरामात लॉक घेतो, आणि दोघंही चालू राहतात. ज्यासाठी फाईल ठेवली तेच मोडलं! लिनक्सच्या डेमन मॅन्युअल पानावर स्पष्ट लिहिलंय की ही फाईल डेमन दोनदा सुरू होऊ नये म्हणून असते, आणि आधीचा नंबर आता अस्तित्वात नाही किंवा दुसऱ्याच प्रोसेसचा आहे हे त्याच क्षणी पडताळूनच ती बदलायची. स्क्रिप्टमधली आरएम -एफ यातलं काहीच पडताळत नाही.

एक मान्य करतो, फाईल शिळी राहते हे खरं आहे. कंटेनरमध्ये (प्रोग्रॅमसाठीच्या वेगळ्या बंदिस्त वातावरणात) तर हमखास. तिथे मुख्य प्रोसेसचा नंबर १ असतो, जुन्या फाईलमध्येही १, आणि प्रोग्रॅम स्वतःलाच बघून 'आधीच चालू आहे' म्हणतो. तिथे फाईल काढावीच लागते. पण बघून.

किल -९ चं म्हणाल तर हा सिग्नल प्रोसेसला पकडता येत नाही, त्यामुळे जाताना ती आपली फाईल साफ करू शकत नाही. म्हणजे शिळ्या फाईली तयार होतात त्या याच सल्ल्याने. शिवाय नंबर पुन्हा वापरले जातात. लिनक्समध्ये कमाल मर्यादा पूर्वापार ३२७६८ असायची, ती गाठली की मोजणी खालून परत सुरू. शिळ्या फाईलमधला नंबर आज भलत्याच प्रोसेसचा असू शकतो.

७७७ बद्दल काय बोलायचं! ज्या फाईलमधला नंबर रूट (सगळे अधिकार असलेला युजर) मारणार, ती कुणालाही लिहू देता? ओपनएलडीएपी या डिरेक्टरी सॉफ्टवेअरच्या स्लॅपडी डेमनमध्ये फाईल रूटचे अधिकार सोडल्यानंतर बनत होती, म्हणजे रूट नसलेल्या खात्यालाही ती बदलता येत होती, तेवढ्यावरही सीव्हीई-२०१७-१४१५९ (सुरक्षा त्रुटीची जाहीर नोंद) निघाला.

सिस्टमडीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. नव्या प्रोजेक्टमध्ये पीआयडी फाईल टाळा, असं त्याचं मॅन्युअलच सांगतं. पण फोर्किंग प्रकारच्या (स्वतःची प्रत मागे ठेवून मूळ प्रोसेस संपवणाऱ्या) जुन्या सर्व्हिसेसना ती द्यावी असंही तेच सुचवतं, आणि सर्व्हिस बंद झाल्यावर फाईल उरली तर सिस्टमडी स्वतःच काढतं. तुमच्या आरएमची तिथेही गरज नाही.

भावाच्या स्क्रिप्टमधली ती ओळ फोनवरच काढायला लावली. आता अडलं की तो आधी फाईलमधला नंबर वाचतो, त्या नंबरवर कोण चालू आहे ते पीएसने (चालू प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडने) बघतो, आणि तिथे पोस्टग्रेस दिसलं तर फाईलला हात लावत नाही.