कोरा लॅपटॉप मागितला तर एवढं काय?

मागच्या महिन्यात लॅपटॉप घेतला, ऑपरेटिंग सिस्टीम नसलेला. दुकानदाराने तीनदा विचारलं, "यात विंडोज नाही बरं का, चालेल ना?" चालणार होतं म्हणूनच तर मागितला होता! विंडोजवाला मागितला असता तर "विंडोजचे पैसे लागतील, चालेल ना?" असं मात्र कुणी विचारलं नसतं. मला खटकतं ते हेच.

घरी येऊन बटण दाबलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, लुकलुकणारा कर्सर. फ्रीडॉस. जिम हॉल यांनी १९९४ साली सुरू केलेली ही मुक्त डॉस (म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारी जुन्या धाटणीची) प्रणाली आज अशा कोऱ्या मशीनवर दिसते. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन, पेनड्राइव्ह पहिल्या नंबरवर आणला आणि अर्ध्या तासात लिनक्स ही मुक्त प्रणाली बसली.

नको असलेल्या विंडोजचे पैसे का मोजायचे, हा वाद जुना आहे. एकेकाळी संगणक कंपन्या विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्टला प्रोसेसरमागे, म्हणजे विकलेल्या प्रत्येक मशीनमागे पैसे मोजायच्या, मग त्या मशीनवर मायक्रोसॉफ्टची प्रणाली असो वा नसो. अमेरिकी न्याय खात्याशी १९९४ साली झालेल्या तडजोडीत ही पद्धत सोडावी लागली. १५ फेब्रुवारी १९९९ ला तर न वापरलेल्या विंडोजचे पैसे परत मागायला लिनक्सवाले थेट मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयांवर गेले होते. पुढे २०१६ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की प्रणालीसकट संगणक विकणं, तिची किंमत वेगळी न दाखवणं, एवढ्यावरून विक्रेता दोषी ठरत नाही. कायद्याने ठीक असेल. पण मी कशाचे किती पैसे मोजतोय हे गिऱ्हाइकाला कळू नये, हे मला पटत नाही.

सगळ्यांनी कोरं मशीन घ्यावं असं मी म्हणत नाही. ज्याला पेटी उघडून लगेच कामाला बसायचंय, त्याने विंडोजसकट घ्यावं. आणि कोरं घेऊन त्यावर क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं विंडोज टाकणार असाल तर कृपा करून घेऊ नका. त्या क्रॅकसोबत काय काय आत शिरतं ते कळतही नाही, आणि पुढे त्याच मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात.

घेणारच असाल तर दुकानातच लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स न बसवताच चालवून बघता येतं) लावून बघा. वायफाय, आवाज, आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन नीट जागं होतंय का. मी हे केलं नाही, आणि पहिल्याच दिवशी वायफाय सापडेना. शेवटी मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं नेट घेतलं, वायफाय चालवणारा ड्रायव्हर (छोटा प्रोग्रॅम) उतरवला, तेव्हा कुठे चालू झालं.