ज्याची पिसं शाबूत, तो चोर

इंदुरात कुणाचं काहीही बिघडलं तरी पहिला प्रश्न एकच असतो : नीट खाल्लंय का? त्यातून कोंबडीची पिल्लंही सुटत नाहीत, हे मला यंदाच्या मे महिन्यात कळलं.

पिल्लं कडकनाथची. दीर झाबुआला नोकरीला आहेत, ते एक खोकं भरून घेऊन आले. "वहिनी, २०१८ साली जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली जात आहे, साधीसुधी समजू नका," एवढं बजावून भाऊजी पोहे खाऊन परत गेले. खुराडं कोण झाडणार, याची त्या टॅगमध्ये काहीच तरतूद नाही. सासूबाई कट्टर शाकाहारी, पण खोक्यातली चिवचिव ऐकून विरघळल्या. "पाळायला काय हरकत आहे? खायचं थोडंच आहे?" खरं म्हणजे हरकत घेण्याची तीच वेळ होती.

पिल्लं तीन आठवड्यांची झाली आणि परसात पिसं उडायला लागली. आधी मानेवरची लव विरळ झाली, मग शेपटीच्या वरची जागा उघडी पडली. गावठी पिल्लू बोडकं झालं तर निदान गुलाबी तरी दिसतं. कडकनाथची कातडीही काळी, त्यामुळे आमचं खुराडं भरतासाठी भाजलेल्या वांग्यांनी भरल्यासारखं दिसायला लागलं.

बातमी आमच्या रामबाग मोहल्ल्यात फिरली. केस गळण्यावर ज्याला जे ठाऊक होतं ते त्याने पिल्लांसाठी सुचवलं. मागच्या मावशींनी जास्वंदीच्या तेलाची बाटली पाठवली. कोपऱ्यावरच्या काकांनी कांद्याचा रस चोळायला सांगितला. "हमखास गुण," म्हणाले. सांगताना टोपी मात्र काढली नाही. सासूबाईंचं निदान अशक्तपणाचं. त्यांनी पिल्लांना पोहे सुरू केले, वर शेव. पोह्यांवरचा जिरावन मसाला भुरभुरायला निघाल्या, तेव्हा मी हात धरला. नवऱ्याने कुठल्याशा व्हिडिओत पिल्लांना ऊब लागते असं ऐकलं होतं, म्हणून चाळिशी ओलांडलेल्या उन्हाळ्यात पेटीवर शंभरचा दिवा अहोरात्र जळत होता.

त्यात सकाळची कचरागाडी. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर लावणारं आमचं शहर. इथे पीससुद्धा वर्गवारी केल्याशिवाय टाकता येत नसेल. मी पिसांची पिशवी पुढे केली, तर गाडीवरचा पोरगा विचारात पडला. "दीदी, ये गीले में जाएगा कि सूखे में?" मागे रांग लागली. रांगेतल्या प्रत्येकाला यावर मत होतं.

शेवटी महूला शिकलेले एक निवृत्त पशुवैद्य आले. त्यांनी एक पिल्लू उताणं धरलं, पंखाखाली आणि बुडाशी टॉर्च मारून उवा पाहिल्या, पिसांच्या मुळाशी त्यांची पांढरी अंडी चिकटलीत का तेही पाहिलं. काही सापडलं नाही. मग मानेवरची लव फुंकरीने बाजूला करून मला दाखवलं : कातडीतून बारीक निळसर नळ्या वर आलेल्या, आणि एकेकीच्या टोकातून पिसाचा इवला कुंचला बाहेर डोकावत होता. "मान सोडून द्या. लव जाऊन पिसं येतायत, पाच-सहा आठवड्यांची होईपर्यंत अशीच दिसणार. शेपटीची गोष्ट वेगळी. ती पिसं गळलेली नाहीत, उपटलेली आहेत."

पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश ठीक, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश उतरवायचं, हे त्यांनी सांगितलं आणि आमच्या दिव्याकडे पाहून कपाळाला हात लावला. उकाडा, झगझगीत उजेड, दाटीवाटी यांनी पिल्लं चिडतात. शिवाय पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच. पिल्लांच्या खाद्यात ते वीस टक्के तरी हवं, पोह्यात सात. "मग ती एकमेकांची पिसं खातात. तुमच्या घरचा शाकाहार पिल्लांपर्यंत पोचलेला दिसत नाही."

सासूबाईंना हे लागलं. पण खरा घाव पुढे होता. डॉक्टरांनी विचारलं, "सगळ्यांत तुकतुकीत, पिसांनी भरलेलं कोणतं?" तो राजा. सासूबाईंच्या हातावर चढून खाणारा. "मग तोच उपटतोय. ज्याची पिसं शाबूत, तो चोर."

"तो असं करणारच नाही," सासूबाई म्हणाल्या. "बाकीच्यांनीच त्याला आधी डिवचलं असेल." हेच वाक्य त्या झाबुआच्या भाऊजींबद्दलही म्हणतात.

राजाची रवानगी वेगळ्या टोपल्याखाली झाली. टोचलेल्या जागांवर जांभळं औषध लागलं, कारण लाल रक्त दिसलं की बाकीचीही तिथेच चोच मारतात. दिवा उतरला, पेटीच्या जागी मोठं खुराडं आलं, आणि पोह्यांच्या जागी खाद्याचं पोतं. पिसं भरायला लागली तसे मावशी तेलाचं आणि काका कांद्याचं श्रेय घेऊन गेले.

पोतं आम्ही जिन्याखाली लपवलं होतं. त्यात काय आहे ते डॉक्टरांनी आम्हा दोघांना हळूच सांगितलं होतं. सासूबाई जिन्यापाशी थबकल्या, नाक वर केलं.

"कसला रे हा वास?"

नवरा गडबडला. "प्रोटीन आहे, आई." त्यांची नजर हटेना, तेव्हा कबूल झाला. "थोडा बोंबील असेल त्यात."

सासूबाईंनी पुन्हा एकदा हुंगलं.

"बोंबील नाही, सुकट आहे. बोंबलाचा वास वेगळा."