पिरॅमिड आधी, पेरणी नंतर

नायजेरियाच्या भुईमूग निर्यातीचे पुनरुज्जीवन करण्याचा विडा आपण उचलला असेल, तर सर्वप्रथम शेताकडे जाण्याचा मोह आवरावा. शेतात धूळ असते, शेतकरी असतो आणि तो प्रश्न विचारतो. त्यापेक्षा उत्तर नायजेरियातील कानो शहराची जुनी छायाचित्रे मिळवावीत. १९६०च्या दशकापर्यंत तेथे भुईमुगाच्या पोत्यांचे पिरॅमिड उभे राहत आणि एकेकात १५,००० पर्यंत पोती असत. हे चित्र दालनात लावले की निम्मे धोरण तयार झाले असे समजावे. ती पोती तेथे का रचली जात, हे मात्र बोलू नये. दक्षिणेतील बंदरांकडे जाणाऱ्या मालगाड्या अपुऱ्या पडत, म्हणून माल ताटकळत राही. म्हणजे आज ज्याला आपण वैभव म्हणतो, ते बऱ्याच अंशी वाहतुकीचे तुंबणे होते.

या निर्यातीच्या ऱ्हासाचे खापर देशात सापडलेल्या खनिज तेलावर फोडावे, कारण तेल उलट उत्तर देत नाही. सरकारी पणन मंडळे शेतकऱ्याला जागतिक बाजारापेक्षा कमी भाव देऊन मधला फरक स्वतःकडे ठेवत, हा तपशील तळटीपेतही नको. ही मंडळे १९८६ मध्ये गुंडाळली गेली, पण शेतकऱ्याची स्मरणशक्ती गुंडाळण्याचा अध्यादेश अद्याप निघालेला नाही.

१९७५ चा उल्लेख करावाच लागला, तर ‘दैवी आपत्ती’ म्हणून मोकळे व्हावे. दुष्काळापाठोपाठ त्या वर्षी माव्याने पसरवलेला रोझेट रोग उत्तरेत असा फोफावला की झाडे खुरटून त्यांचा नुसता झुपका झाला. उपटून पाहावे तर मुळाशी शेंगांचा पत्ता नाही. या रोगाला दाद न देणारे आणि लवकर तयार होणारे वाण झारियाजवळच्या समारू येथील कृषी संशोधन संस्थेने आपल्या हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या साहाय्याने काढले आहेत, ही बातमी आपल्याला गैरसोयीची आहे. कारण मग ते बियाणे गावोगाव पोचवावे लागेल. भुईमुगाचे बियाणे जड, एकरी भरपूर लागणारे आणि एकदा विकत घेतले की शेतकऱ्याला घरीच धरता येणारे, त्यामुळे खासगी कंपन्यांना त्यात फारसा रस नसतो. आणि सरकारने गाडीभर शेंगा खेड्यात उतरवल्या, तर त्याचे उद्घाटन कोणत्या सभागृहात करायचे?

उद्घाटनाचा आदर्श हवा असेल, तर जानेवारी २०२२ मधली राजधानी अबुजा पाहावी. राष्ट्राध्यक्ष बुहारी यांच्या हस्ते तेथे पिरॅमिडचे अनावरण झाले. पोत्यांत तेवढा तांदूळ होता.

उत्पादन वाढवण्याची घोषणा जपून करावी. नायजेरिया आजही आफ्रिकेतील सर्वांत मोठा भुईमूग उत्पादक देश आहे आणि त्यातला बहुतांश माल देशातच खपतो, हे कोणी तरी निदर्शनास आणील. बायका घरोघरी दाणे कुटून तेल काढतात, उरलेल्या पेंडीचा कुलीकुली नावाचा खाऊ तळून विकतात आणि या उद्योगासाठी त्यांना कोणत्याही कृतिदलाची गरज भासलेली नाही. असा स्वयंपूर्ण धंदा आपल्या अहवालाची शोभा घालवतो. त्याला ‘असंघटित’ म्हणून बाजूला सारावे.

राहता राहिले अफ्लाटॉक्सिन. थेट खाण्याच्या दाण्यांत किलोमागे एकूण ४ मायक्रोग्रॅमहून अधिक बुरशीजन्य विष युरोपीय संघाला चालत नाही. शेंगा नीट वाळवणे, कवच मऊ करण्यासाठी पाणी न शिंपडणे, कोरडी गोदामे बांधणे हे उपाय सर्वांना ठाऊक आहेत, म्हणूनच त्यांत नावीन्य नाही. आपण माल खुशाल पाठवावा. तो परत आलाच, तर उतरतानाचेही छायाचित्र काढून ठेवावे. जहाज निघाले आहे की परतले आहे, हे पोत्यांवरून ओळखता येत नाही.