‘समजलं नाही तरी ऐकत राहा’ : या सल्ल्यात मुलांचे महिने वाया जातात

सध्या नागपुरातल्या बऱ्याच मुलांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: इंग्रजीचा क्लास सोडा, दिवसभर कानात इंग्रजी पॉडकास्ट लावून ठेवा. समजलं नाही तरी चालेल, बाळही असंच शिकतं. झोपतानाही बंद करू नका. पॉडकास्टमधलं बोलणं लिहिलेला मजकूर पाहू नका, त्यानं कान आळशी होतो. तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी.

मी इंग्रजी शिकवतो आणि पॉडकास्ट मला मनापासून आवडतात. काटोल-उमरेडकडून नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीला) शिकायला येणाऱ्या मुलाला अस्सल बोलणं आज फुकटात ऐकायला मिळतं, ही मोठी गोष्ट आहे. म्हणूनच हा सल्ला वाचून चीड येते. महिनोन् महिने तो पाळून मुलं येतात आणि म्हणतात, “सर, आपल्याच्यानं नाही होत.” दोष सल्ल्याचा, आणि तो घेतात स्वतःच्या माथी.

‘समजलं नाही तरी चालेल’ इथेच पहिली गफलत आहे. ऐकण्या-वाचण्यातून भाषा येते हा विचार १९८०च्या दशकात गाजवला तो स्टीफन क्रॅशन या अमेरिकी भाषातज्ज्ञानं. पण त्याचा सगळा भर समजेल अशा बोलण्यावर होता: आपल्या पातळीच्या जरा वरचं, तरी संदर्भानं अर्थ लागेल असं. अर्थच लागत नसेल तर मेंदू तो आवाज कूलरच्या घरघरीत जमा करतो.

बाळाचं उदाहरण तर उलटंच जातं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांचा २००३ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून जी ऐकली त्या बाळांना चिनी ध्वनींमधला फरक ओळखता आला. टीव्हीवरून किंवा नुसत्या ध्वनिमुद्रणातून ऐकणाऱ्यांना तो आला नाही.

याला आपल्याकडे एक नागपुरी पुरवणी जोडली जाते: “हिंदी शिकाले कुठं गेलो होतो बावा? ऐकूनच आली ना!” पटण्यासारखं वाटतं खरं. १९५६पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, हिंदी आपल्या गल्लीतलीच. पण आठवून पाहा. इतवारीत भाव करताना, ऑटोवाल्याशी हुज्जत घालताना, शेजारच्या घरी वाटी मागायला गेल्यावर आपण नुसते ऐकत होतो का? बोलत होतो, चुकत होतो, समोरचा हसून दुरुस्त करत होता. शिवाय लिपी तीच आणि निम्मेअधिक शब्द ओळखीचे. पॉडकास्टला “क्या बोले भैया?” असं विचारता येत नाही.

झोपेत शिकण्याचं फार लांबवत नाही. १९५६ साली सायमन आणि एमन्स या संशोधकांनी मेंदूचे आलेख घेऊन तपासलं, तेव्हा खरोखर झोपलेल्यांना ऐकवलेलं काही आठवलं नाही. रात्री नीट झोपा, दिवसा शिकलेलं मुरायला तेवढं पुरे.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो ‘मजकूर पाहू नका’ हा हुकूम. परवा आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी अमेरिकी मुलाखतीचा तुकडा ऐकत होती. पाहुणा म्हणाला की शुक्रवारी त्याला जमणार नाही. तिनं लिहिलं, जमेल. पुन्हा लावलं, तिचं उत्तर तेच, आणि दरवेळी आणखी ठाम. मजकूर समोर ठेवला तेव्हा ती थबकली: तिथे ‘कॅन्ट’ (can’t) होतं. अमेरिकी बोलण्यात होकारार्थी ‘कॅन’ दबून ‘कन’ होतो आणि जोर पुढच्या क्रियापदावर जातो. नकारात मात्र ‘कॅ’ पूर्ण उमटतो आणि शेवटचा ‘ट’ बहुतेक गिळला जातो. आपल्या कानाला स्वच्छ ‘कॅन’ ऐकू आला की आपण हो समजतो, आणि अर्थ नेमका उलटा होतो. नुसतं शंभरदा ऐकून ही चूक सुटत नाही, पक्की होते. कान कुठे फसला ते डोळ्यांनी दाखवावं लागतं.

म्हणून तुकडा एखाद्या मिनिटाचाच घ्या. आधी मजकुराशिवाय दोनदा ऐका, ऐकू आलं ते वहीत उतरवा, मग मजकुराशी ताडून निसटलेल्या जागांवर लाल पेनानं खुणा करा आणि मजकूर मिटून पुन्हा ऐका. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ यासाठी उत्तम, सोबत पूर्ण मजकूर मिळतो. जर्मन शिकणाऱ्यांसाठी डॉइशे वेले ही जर्मन प्रसारण संस्था सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासह देते. हळू ऐकण्यात कमीपणा मानू नका. व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी रेडिओनं १९५९पासून साधारण दीड हजार शब्दांच्या मर्यादित शब्दसंग्रहात, मुद्दाम संथ गतीनं बातम्या दिल्या त्या शिकणाऱ्यांसाठीच.

खापरीहून बर्डीला मेट्रोनं येताना कानात काही लावायचंच असेल तर नवा भाग नको, आदल्या दिवशी वहीत उतरवलेलाच लावा. आणि क्लासचं म्हणाल, तर हे सगळं घरी जमत असेल त्यानं खुशाल सोडावा. फक्त बोलायला एक माणूस शोधावा, भाऊ असो की खोलीतला सोबती, आणि आज काय ऐकलं ते रोज त्याला इंग्रजीत सांगावं.