शेवटचे पाच मीटर

जिओकॅशिंगमध्ये पहिला किलोमीटर फोन शोधतो आणि शेवटचे पाच मीटर आपण. किलोमीटरला पंधरा मिनिटं लागतात, पाच मीटरांना पाऊण तास.

तसा हा छंद सांगायला सोपा आहे. कुणीतरी डबी, म्हणजे ‘कॅश’, लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. आपण जायचं, डबी शोधायची, आतल्या कागदावर टोपणनाव आणि तारीख लिहायची, डबी होती तिथेच ठेवायची आणि ॲपवर नोंद करायची. ‘मग मिळतं काय?’ असं घरचे विचारणारच. ‘सही करायला मिळते’ हे खरं उत्तर आहे, पण ते ऐकून आजवर कुणाचं समाधान झाल्याचं माझ्या माहितीत नाही.

या खुळाला जन्मतारीख आहे. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ वस्तूंनी भरलेली बादली ठेवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकला. त्या बादलीत घेवड्याच्या दाण्यांचा एक डबाबंद टिनही होता. आज मात्र कॅशमध्ये खाण्याची वस्तू ठेवायची नाही असा नियम आहे. प्राण्यांना ती शोधायला उपग्रह लागत नाही.

पहिल्या दिवशी ‘पारंपरिक’ प्रकारचीच, म्हणजे दिलेल्या बिंदूवरच असलेली, कॅश निवडा. शोधण्याचं काठिण्य आणि वाटेचा अवघडपणा यांना १ ते ५ गुण असतात, दोन्ही दीडच्या आत हवेत. आकार ‘स्मॉल’ किंवा त्याहून मोठा बघा. ओळीने तीन जणांनी ‘सापडली नाही’ लिहिलं असेल तर चौथे होऊ नका. ‘मिस्टरी’च्या वाटेला तर जाऊच नका. तिथे नकाशावर दिसणारा बिंदू मुळात खोटा असतो. कोडं सोडवल्यावर खरा मिळतो, आणि नवखा गडी खोट्या बिंदूवरचं कुंपण तासभर चाचपत बसतो.

आकडे हाताने भरणार असाल तर जपा. इथे अंश आणि दशांश मिनिटं चालतात. ३०.५०० म्हणजे तीस मिनिटं तीस सेकंद. ते तीस मिनिटं पन्नास सेकंद असं भरलंत, तर अक्षांशात सहाशे मीटरांहून जास्त फरक पडतो. तिथेही झुडपं असतात, त्यामुळे चूक लवकर लक्षातही येत नाही.

आता ते पाच मीटर. मोकळ्या आभाळाखाली फोन साधारण तेवढं चुकतो. दाट झाडीत किंवा उंच भिंतीलगत सिग्नल आपटून येतो, म्हणून जास्तच. शिवाय लपवणाऱ्याचं यंत्रही चुकलेलं असतंच, आणि या दोन चुका एकमेकींना भेटायला येतात. थांबलात की बाण गरगरायला लागतो. त्याच्यामागे गोल फिरू नका. दहा मीटरवर फोन खिशात घाला आणि नजर वापरा. नको तितके नीट रचलेले दगड, कशालाच न धरणारा स्क्रू, झाडाच्या ढोलीत आडवी टाकलेली फांदी, हे बघा. ॲपवर लपवणाऱ्याने दिलेली सूचना उलगडली तर बहुधा ‘दगडाखाली’ असं निघतं. आपण उभे असतो खडकाळ उतारावर.

आणि लोक बघतात. छंदाबाहेरच्या माणसांना आम्ही ‘मगल’ म्हणतो. बाकाखाली हात घालून चाचपणारा माणूस त्यांना काय वाटत असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंच. नाडी बांधायचं निमित्त पहिल्यांदा खपतं, पण एकाच बाकाजवळ नाडी किती वेळा सुटेल? कुणी विचारलं तर सरळ खरं सांगावं, आणि विजेच्या पेटीला मात्र बोट लावू नये.

सगळ्यात छळवादी ती नॅनो. बोटाच्या पेरापेक्षा लहान, चुंबकाने बाकाच्या लोखंडाला चिकटलेली. टोपण फिरवलं की आत कागदाच्या पट्टीची सुरळी. चिमट्याने ओढावी, सही करावी, इथवर ठीक. परत गुंडाळताना पट्टी स्प्रिंगसारखी उसळते. चिमट्याच्या टोकाभोवती ती घट्ट वळवायची. अर्धा वेढा सैल राहिला तरी टोपण बसत नाही. जोर केला की आटे चुकतात, आत पाणी जातं आणि पुढच्याला लगदा मिळतो. पेन आत मावत नाही, आपलं न्यावं. खरं तर पेन्सिलच बरी, दमट कागदावरही उठते.

मोठ्या डब्यात अदलाबदलीसाठी ठेवलेली वस्तू घेतलीत तर तेवढ्याच मोलाची किंवा सरस ठेवा. नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला म्हणजे ‘ट्रॅव्हल बग’. तो भेट नव्हे, प्रवासी आहे, पुढच्या कॅशमध्ये सोडायचा. नाहीच सापडली डबी, तर ‘सापडली नाही’ असं लिहा. लिहिताना जिवावर येतं, पण डबी गेल्याचं मालकाला त्यावरूनच कळतं. स्वतःची नवी डबी तिथे ठेवून उपकार करू नका. जुनी बहुतेक असतेच, मग एका जागी दोन होतात.

सापडली, सही झाली, टोपण बसलं. आता होती तिथेच चिकटवायची. वळून बघावं तर बाकावर कुणीतरी येऊन निवांत वर्तमानपत्र उघडलेलं असतं, आणि आपल्याकडे सुटायला एकही नाडी उरलेली नसते.