‘तेव्हा हे आमदार कुठे होते?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून दुसऱ्यांदा वाचली. उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

तुमचं म्हणणं असं: नांदेडच्या सरकारी रुग्णालयातल्या मृत्यूंवर लिहिताना मी औषधटंचाईवरची विरोधी आमदारांची टीका जशीच्या तशी उचलली, तेच लोक सत्तेत होते तेव्हा औषधखरेदी काही सुधारली नव्हती, जीएसटीचा नि सरकारी दवाखान्यातल्या औषधांचा संबंध जोडणं हे ओढूनताणून आणलेलं राजकारण, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ३३ जीवरक्षक औषधांवर शून्य झाला, तेव्हा आता बोलायला उरलंच काय?

यातला दुसरा मुद्दा मला मान्य आहे. राज्याची औषधखरेदी हाफकिन या लसी-औषधं बनवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे सोपवली ती २०१७ मध्ये, फडणवीस सरकारने. महाविकास आघाडीला पुढे अडीच वर्षं मिळाली, पण गाडा तसाच चालला. ज्यांची टीका मी उचलली ते, तेव्हा काँग्रेसमध्ये असलेले अशोक चव्हाण त्या मंत्रिमंडळात बांधकाम मंत्री होते. हे माझ्या लेखात यायला हवं होतं. आलं नाही, चूक माझी.

पण म्हणून टीका खोटी ठरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये चव्हाण विरोधी बाकावर होते. त्यांच्याच वडिलांचं नाव असलेल्या नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावले, त्यात १२ नवजात बाळं. चव्हाण तिथे गेले आणि औषधं नि मनुष्यबळ कमी असल्याबद्दल सरकारवर बोलले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेच भाजपात गेले, राज्यसभेवर पोचले. आता तुमच्या हिशेबाने त्यांचं बोलणं ऑक्टोबरमध्ये खोटं होतं आणि फेब्रुवारीत खरं झालं, की उलट? माणसाने बाक बदलला म्हणून वॉर्डातला साठा बदलत नाही.

‘औषधं होती, असं सरकारनेच सांगितलंय’ हेही तुम्ही लिहिलंत. सांगितलं खरं. पण ‘साठा आहे’ म्हणजे नेमका कशाचा? माझी आत्या एका सरकारी रुग्णालयात अकरा दिवस होती (कुठल्या ते लिहीत नाही). सलाईन होतं, साध्या गोळ्या होत्या. डॉक्टरांनी लिहिलेलं अँटिबायोटिक नव्हतं आणि दोन दिवस सलाईन लावायचा आयव्ही सेटही नव्हता. सिस्टर हळूच चिठ्ठी हातात द्यायच्या, ‘बाहेरून आणा’. त्या अकरा दिवसांत कुणी विचारलं असतं, तर ‘साठा आहे’ हे उत्तर कागदावर खोटं ठरलं नसतं. सिस्टरांवर माझा राग नाही. राग नेहमी शेवटच्या माणसावरच निघतो. नांदेडला त्या मृत्यूंनंतर तेव्हा खासदार असलेल्या हेमंत पाटलांनी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या (डीनच्या) हातात झाडू देऊन शौचालय साफ करून घेतलं. खरेदीची फाइल जिथे अडते त्या टेबलापर्यंत मात्र कुणाचा झाडू पोचला नाही.

आता कराकडे येतो, कारण तुमचा खरा आक्षेप तिथे आहे. आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे. ऐकायला छान. पण माफ आहे म्हणूनच रुग्णालयाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट (तो कर पुढच्या करातून वळता करायची सोय) मिळत नाही. भरला तो गेला. औषधांसाठी एक कोटीचा निधी आला, तर १२ टक्क्यांच्या दराने त्यातून साधारण ८९ लाख २९ हजारांचीच औषधं यायची, उरलेले १० लाख ७१ हजार करात. यातला राज्याचा अर्धा वाटा राज्याच्याच तिजोरीत परत जातो. म्हणजे सरकार एका खिशातून दवाखान्याला देतं आणि दुसऱ्या खिशात थोडं परत घेतं. तिजोरीचं त्यात फारसं जात नाही, पण वॉर्डातल्या बाटल्या कमी होतात. ५ टक्क्यांनी हेच नुकसान ४ लाख ७६ हजारांवर येतं. चांगलं झालं, मी स्वागतच करतो. पण विम्याच्या हप्त्यावरच्या १८ टक्क्यांविरुद्ध विरोधी खासदार ऑगस्ट २०२४ मध्ये संसदेबाहेर उभे राहिले, तेव्हा तेही राजकारणच होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा तो कर शून्य झाला. नितीन गडकरींनीही अर्थमंत्र्यांना तेच मागणारं पत्र लिहिलं होतं, हेही सांगायला हवं.

एका बाबतीत मात्र विरोधकांशीच माझं पटत नाही. ‘सरसकट शून्य करा’ ही मागणी मे २०२१ मध्ये ममता बॅनर्जींनी कोविडच्या औषधांसाठी केली होती. तेव्हा अर्थमंत्री सीतारामन यांनी उत्तर दिलं की शून्य केल्यावर उत्पादकाला कच्च्या मालावरच्या कराची वजावट मिळणार नाही आणि तो बोजा किमतीत चढेल. मुद्दा बिनबुडाचा नव्हता. शून्य दिसायला गोंडस. बिलात ते किती उतरतं हे औषधागणिक बदलतं.

आणि हे सगळं माल आला तर. नाही आला, तर करसवलत कशावर मोजायची? मागणी वरती जाते, निविदा निघते, आधीची बिलं थकली असली की पुरवठादार फिरकत नाही, फेरनिविदा निघते, तोवर मार्च उजाडतो. हाफकिन जाऊन २०२३ च्या कायद्याने औषधखरेदीसाठी वेगळं प्राधिकरण आलं. त्याच ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने नांदेडची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा या नव्या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी का नाही, हा प्रश्न तिथे निघाला. तमिळनाडूने औषधखरेदीचं असं महामंडळ १९९४ मध्येच उभं केलं. तिथे प्रत्येक रुग्णालयाला पासबुक असतं: किती रुपयांची औषधं उचलली, किती शिल्लक, सगळं त्यात. मधे द्रमुक आणि अण्णाद्रमुकची सरकारं आलटून पालटून आली, पासबुक टिकलं.

आमदाराने सभागृहात ‘औषधं नाहीत’ म्हणून ओरडण्यापेक्षा अमुक रुग्णालयाची मागणी कुठल्या तारखेला गेली आणि माल कुठल्या तारखेला उतरला, एवढंच विचारावं. कुठल्याही पक्षाच्या. तुमच्या तालुक्यातल्या आमदारांना तुम्ही हे विचारायला लावलंत, तर येणारं उत्तर मी इथे जसंच्या तसं छापीन.

आघाडीच्या काळाबद्दलचा परिच्छेद मूळ लेखात आज रात्री जोडतो.