बूटलोडरचे अद्यतन म्हणजे जिवाला घोर का असावा?

संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामांपैकी एक असलेल्या, ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणाऱ्या बूटलोडरची सुरक्षा इतक्या हलगर्जीपणे का हाताळली जाते, हे मला खरोखरच कळत नाही. जुलै २०२० मध्ये लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्रब २ या बूटलोडरमधली 'बूटहोल' ही सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली, घाईघाईने दुरुस्ती आली आणि ती बसवल्यावर काही लिनक्स संगणक सुरूच होईनात! मार्च २०२१ मध्ये त्याच ग्रबमधल्या आणखी त्रुटींची यादी आली. मग सामान्य माणसाने अद्यतन करायचे तरी कोणत्या भरवशावर?

बरे, केले तरी काम संपते का? वैध डिजिटल सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी 'सिक्युअर बूट' ही व्यवस्था जुन्या, सदोष पण वैध सहीच्या बूटलोडरवर तसाच विश्वास ठेवते, त्यामुळे ती प्रत रद्द यादीत, म्हणजे नाकारायच्या बूटलोडरांच्या यादीत, जाईपर्यंत हल्लेखोराला तीच आणून चालवता येते. आणि ही यादी ठेवायला फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) जागा किती, तर साधारण ३२ किलोबाइट, त्यातली सुमारे १० एकट्या बूटहोलने खाल्ली! पुढे एकेक प्रत नोंदवण्याऐवजी आवृत्ती क्रमांकांवर चालणारी एसबॅट ही पद्धत आणावी लागली, पण हा जागेचा हिशेब आधी कोणालाच का सुचला नाही? शिवाय रद्द यादी अद्ययावत झाली की जुना इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हही नाकारला जातो, म्हणजे संगणक बिघडला की नेमके वाचवणारे साधनच हातातून जाते, आणि याची स्पष्ट सूचना अद्यतनाच्या आधी पडद्यावर का येत नाही?